तीनशे चौरस फुटांतला उजेड

पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत घडवंची नावाची एक वस्तू घरोघर असे. चार पायांचा, साधारण कमरेइतक्या उंचीचा लाकडी घोडा. सकाळी सगळ्या वळकट्या, गोधड्या, उशा त्यावर रचायच्या, वरून एक धुतलेली चादर टाकायची, की झोपायच्या खोलीची बसायची खोली होई. पाट मांडले की तेच जेवणघर आणि पाट उचलून भिंतीला लावले की मुलांच्या अभ्यासाची जागा. कपडे खुंटीवर आणि वलणीवर, दिवा कोनाड्यात, डबे-बरण्या भिंतीच्या जाडीतच बसवलेल्या फडताळात, वर्षाचे धान्य आणि क्वचित लागणारी भांडी माळ्यावर. दोन खोल्यांत सात-आठ माणसे राहत, आणि तरीही जमीन मोकळी असे.

त्या राहणीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. रोजच्या वळकट्या उचलणारे हात बहुधा घरातल्या सुनांचे असत, स्वयंपाकघर धुराने काळे झालेले असे आणि मधले माजघर भर दुपारीही अंधारे असे. पण एक गोष्ट त्या घरांना कळली होती. लहान घरातली वस्तू दिवसातून दोन-तीन कामे करणारी हवी, नाहीतर काम झाल्यावर बाजूला होणारी हवी. सदनिकेत राहायला गेल्यावर नेमकी हीच समज मागे राहिली. दहा बाय बाराच्या खोलीचे क्षेत्रफळ होते १२० चौरस फूट. त्यात सहा बाय साडेसहाचा डबलबेड ३९ फूट खातो, सहा फुटी कपाट १२, एखादे टेबल ८. निम्मी खोली गेली. कपाटाचे दार उघडायला लागणारी जागा यात धरलेली नाही. मग दुसरे कपाट येते, आणि ते लावायला भिंत उरली नाही म्हणून खिडकीपुढे जाते.

इथून पुढे हा विषय गृहसजावटीचा राहत नाही, वैद्यकाचा होतो.

पुण्याला हे एकदा फार कठोरपणे शिकावे लागले आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या प्लेग समितीचे सोजिर घराघरांत घुसले, सामान बाहेर काढले गेले, पुष्कळसे जाळले गेले. अंधारी, कोंदट घरे हेच रोगाचे मूळ, अशी तेव्हाची समजूत होती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने मांडले, म्हणजे प्लेगपुरता तो निदानाचा रोख चुकीचाच होता. पण अंधार आणि कोंडलेली हवा यांचा संबंध दुसऱ्या एका रोगाशी खरोखर होता. तो रोग म्हणजे क्षय. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत जो सुधार ट्रस्ट स्थापन झाला, त्याचे एक प्रमुख जे. पी. ऑर यांनी पुढे या मुद्द्याचा पिच्छा पुरवला. इमारतीच्या खालच्या मजल्यावरच्या खोलीलाही आकाश दिसले पाहिजे, म्हणून त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम धरला. सोप्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मे अंतर मध्ये मोकळे हवे.

शंभर वर्षांनी त्याच मुंबईत हा नियम किती विसरला गेला, हे गोवंडीच्या परिसरातील पुनर्वसन वसाहतींनी दाखवले. तिथल्या तीन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना जवळजवळ खेटून उभ्या होत्या, तिथल्या कुटुंबांत क्षयरोगाचे प्रमाण मोकळ्या मांडणीच्या तिसऱ्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळले. खालच्या मजल्यांवर ना ऊन पोचत होते ना वारा. क्षयाचे जंतू खोकल्याच्या अतिसूक्ष्म थेंबांतून हवेत तासन्‌तास तरंगतात. खोलीतली हवा बदलत राहिली तर ते विरळ होतात, थेट ऊन लागले तर मरतात. खिडकीपुढचे कपाट या दोन्ही गोष्टी अडवते.

राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते की कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या खिडक्या-झरोके जमिनीच्या एक-दशांश तरी असावेत, दमट उष्ण हवामानात एक-षष्ठांश आणि दोन्हींच्या मधल्या हवामानात एक-अष्टमांश. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला हवामानानुसार कमीत कमी १२ ते २० चौरस फूट उघडी जागा. नकाशात ती असतेही. पण आजच्या सदनिकांत दोन काचांची सरकती खिडकी बसवतात. ती कितीही सरकवा, निम्मीच उघडते. उरलेल्या अर्ध्या भागावर डासांची जाळी येते, जाळीत धूळ बसते आणि तिच्या आतल्या बाजूला पडदा येतो. त्यामुळे खोलीत काहीही नवे आणण्याआधी खिडकीकडे पाहावे. जाळी महिन्यातून एकदा धुतली, पडदा खिडकीच्या चौकटीबाहेर पूर्ण सरकेल एवढा दांडा लांब घेतला आणि खिडकीखाली अडीच फुटांपेक्षा उंच काही ठेवले नाही, तर एक पैसाही न खर्चता खोली उजळते.

लहान घर नव्याने बांधतानाही हे जमते का, याचे एक उदाहरण पुण्यातच आहे. येरवड्याच्या काही वस्त्यांत केंद्राच्या शहरी गरिबांसाठीच्या योजनेतून, लोकांना दूर कुठेतरी बहुमजली इमारतीत न हलवता, कच्ची घरे होती त्याच जागेवर पक्की करण्याचा प्रयोग झाला. ‘स्पार्क’ ही संस्था आणि महिला मिलनच्या बचत गटांतल्या बायका यात पुढे होत्या. वास्तुरचनेच्या बाजूने फिलिप बालेस्ट्रा आणि सारा गोरान्सन हे परदेशी जोडपे होते, तसेच पुण्याचे प्रसन्न देसाई. घराचे क्षेत्रफळ २७० चौरस फूट. गल्ल्या तशाच राहिल्या, शेजारी तेच राहिले. अशा वस्तीतली अडचण ज्याने पाहिली आहे त्याला माहीत असते. घराच्या दोन किंवा तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, उजेड येणार तो फक्त समोरून आणि जिन्याच्या वरून. मग घर आडवे पसरण्याऐवजी दोन-तीन मजल्यांत उभे करावे लागते आणि आत सामान कुठे ठेवायचे हा प्रश्न भिंती कुठे घालायच्या याच्याइतकाच महत्त्वाचा होतो. जिन्याखालची जागा, लॉफ्ट, भिंतीला अडकवलेल्या मांडण्या या गोष्टी घर ताब्यात आल्यावर सुताराला विचारायच्या नसतात. त्या आधीच ठरवायच्या असतात.

आता सामान कशाचे आहे ते पाहू. नवे कपाट आले की आठवडाभर घरात एक उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, लहान मुलांना शिंका येतात, दमा असलेल्याचा खोकला वाढतो. ‘नव्याचा वास आहे, जाईल’ म्हणून तो सोडून दिला जातो. तो वास बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइडचा असतो. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि बाजारात ज्याला कमर्शियल प्लाय म्हणतात ते, या सगळ्यांत लाकडाचा भुसा किंवा पापुद्रे युरिया-फॉर्मल्डिहाइड डिंकाने चिकटवलेले असतात. उष्णता आणि दमटपणा वाढला की हा डिंक हळूहळू फुटतो आणि वायू सोडतो. पुण्यात चैत्र-वैशाखात खोली तापते आणि लगेच मागून पावसाळा येतो. म्हणजे दोन्ही कारणे पाठोपाठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. याचा अर्थ एका कपाटाने कर्करोग होतो असा नव्हे. तो गट पुराव्याच्या खात्रीचा असतो, धोक्याच्या आकाराचा नसतो. घरातल्या हवेसाठी संघटनेची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाच्या सरासरीने, अशी आहे.

लहान घरात हा हिशेब का बिघडतो, ते साधे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत जेमतेम ३० घनमीटर हवा असते. त्यात डबलबेड, कपाट, टीव्ही युनिट आणि अभ्यासाचे टेबल सगळेच दाबलेल्या भुशाचे असेल, तर तेवढ्याच फर्निचरमागे मोठ्या घराच्या निम्मीसुद्धा हवा मिळत नाही. त्यात खोली वातानुकूलित असली की खिडकी बंद. सर्वांत वाईट जुळणी नेहमी एकाच वेळी होते. घरात बाळ येणार म्हणून नव्या फर्निचरची घाई केली जाते आणि बाळाला गार वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या जातात.

सुताराला सांगण्यासारख्या तीन-चार गोष्टी आहेत. सनमायका फक्त दर्शनी बाजूला नको. आतून, मागून आणि कापलेल्या प्रत्येक कडेवर पट्टी हवी, कारण वायू सर्वांत जास्त सुटतो तो उघड्या कडांतून. ज्याला मरीन प्लाय म्हणतात, आयएस ७१० हा शिक्का असलेला, त्यातला फिनॉलिक डिंक जास्त टिकाऊ असतो आणि फॉर्मल्डिहाइड बरेच कमी सोडतो. तो महाग पडतो, पण दोन वस्तू कमी केल्या तर परवडतो. चिकटवायला शक्यतो पांढरा, पाण्यात मिसळणारा डिंक. उग्र वासाचा रबरी डिंक बंद खोलीत वापरला तर काम करणाऱ्या सुतारालाच गरगरते, आणि त्याचा विचार कोणी करत नाही. नवे फर्निचर आल्यावर कपाटांची दारे आणि खिडक्या निदान काही आठवडे दिवसभर उघड्या ठेवाव्यात. धूप, उदबत्ती किंवा रूम फ्रेशनरने वास झाकला जातो, वायू जात नाही. उलट हवेत आणखी एक गोष्ट वाढते.

पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत कमी भार टाकणारे फर्निचर कोणते, याचे उत्तर काहीसे निराशाजनक आहे. जे घरात आधीच आहे तेच. आजोबांच्या वेळचे लोखंडी कपाट दर दहा वर्षांनी रंग दिला तर चौथ्या पिढीलाही पुरते, त्यातून कसलाही वायू सुटत नाही आणि वाळवी लागत नाही. याउलट पार्टिकल बोर्डाचे शू-रॅक दोन पावसाळ्यांत खालून फुगते, बिजागरीचा स्क्रू निघाला की परत बसत नाही आणि पाच-सहा वर्षांत कचऱ्यात जाते. ते ना जाळता येते ना कुजते. पुण्यात जुन्या गाद्या, मोडके सामान असा अवजड कचरा नेण्याची सोय ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था करते, तरी नदीकाठी आणि टेकड्यांच्या पायथ्याशी टाकलेले सोफे कोणालाही दिसतील.

दुसरा स्रोत आहे तो जुन्या लाकडाचा. एक वाडा पडतो तेव्हा त्यातून सागवानी तुळया, खांब, दारे निघतात. शंभर वर्षे वाळलेले हे लाकूड आता वाकत नाही की फुगत नाही. त्यापासून केलेला बाक किंवा घडीचे टेबल नव्या प्लायपेक्षा स्वस्त पडेलच असे नाही, पण टिकेल नक्की. इथे एक इशारा मात्र महत्त्वाचा. जुन्या दारांवरचा तेलरंग खरवडताना जी धूळ उडते तीत शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगांचा भरवसा देता येत नाही, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला थोड्या मात्रेतही बाधते. त्यामुळे रंगवलेले जुने लाकूड घरात आणून घासू नये. हे काम बाहेर, लाकूड ओले करून आणि मुलांपासून दूर व्हावे.

तिसरा पर्याय बांबूचा. पुण्याच्या बुरूड आळीतल्या कारागिरांना सुपे, टोपल्या आणि पडदे करायला लावून शहराने त्यांची कला तिथेच थांबवली. कोकणात माणगा नावाची बांबूची जात होते. ती आतून जवळजवळ भरीव असते, म्हणून खुर्ची-पलंगाला उत्तम. कुडाळच्या ‘कोनबॅक’ संस्थेने त्यावर चांगले काम उभे केले आहे. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तो तोडणे आणि नेणे सोपे झाले. बांबूच्या गाभ्यातली पिष्टमय साखर भुंग्यांना आवडते. म्हणून बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबू आहे का, हे विकत घेताना विचारायचे. खुर्चीखाली रोज पिवळसर पिठाची बारीक रास दिसू लागली, तर उत्तर मिळालेच म्हणायचे.

पावसाळ्यात लहान घरांचा आणखी एक शत्रू असतो, बुरशी. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेले कपाट जून ते सप्टेंबर ओल धरते, मागे काळे ठिपके उमटतात आणि त्यांचे बीजाणू खोलीभर फिरतात. कपाट आणि भिंत यांत दोन-तीन इंच जागा सोडली तर हवा खेळते. खाली बंद पेटी असलेल्या पलंगाचेही तसेच. जागा वाचते हे खरे, पण गादीला खालून हवा नाही, पेटीत जुन्या गोधड्या, आणि घरातच वाळत घातलेल्या कपड्यांची दमट हवा. धूळकिडे वाढायला याहून सोयीची जागा नाही. ज्या घरात दम्याचे मूल आहे तिथे जाळीचा किंवा फळ्या-फळ्यांचा पलंग बरा. पेटी हवीच असेल तर फळीला भोके पाडून घ्यावीत, आणि ऊन निघेल त्या दिवशी गादी गच्चीत टाकावी. दसऱ्या-दिवाळीला गाद्यांना ऊन देण्याच्या रीतीत अर्थ होता.

जमिनीवर बसण्याचे सांधे लवचीक राहण्यासाठी फायदे आहेत, पण ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांना घडवंचीच्या दिवसांकडे परत पाठवता येणार नाही. त्यांना बसायची जागा गुडघ्याच्या उंचीची, म्हणजे साधारण दीड फूट हवी. फार खोल, गुबगुबीत सोफ्यातून उठताना गुडघ्यावर अकारण ताण येतो. हात टेकायला दांडे असलेली साधी लाकडी खुर्ची त्यापेक्षा बरी, जागाही निम्मी लागते. घडीचे टेबल, भिंतीतून खाली येणारा पलंग हे सगळे चांगले आहे, फक्त त्याची कडी मजबूत हवी आणि ते भिंतीत पक्के बसवलेले हवे. उंच कपाट वरच्या बाजूला भिंतीला बांधून घ्यावे, कारण खणांत पाय ठेवून वर चढणारे मूल कपाटासकट पडू शकते.

राहिला दिवा. भर दुपारी मोकळ्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, झाडाच्या सावलीतही दहा हजारांच्या आसपास. ट्यूबलाइट लावलेल्या आपल्या खोलीत बहुधा दीडशेही भरत नाही. आपल्याला तो फरक जाणवत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या डोळ्यांना मात्र तो जाणवतो. चीनच्या ग्वांगजौमध्ये शाळेत रोज चाळीस मिनिटे जास्त वेळ बाहेर काढलेल्या मुलांत तीन वर्षांत चष्मा लागण्याचे प्रमाण कमी राहिले, आणि तैवानने तर २०१० पासून मुलांनी रोज दोन तास बाहेर असावे अशी मोहीमच चालवली. घरातला कोणताही दिवा त्याची जागा घेत नाही.

घरात करण्यासारखे एवढेच की दिवा कामाजवळ आणावा. दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले तर वहीवर पडणारा उजेड चौपट होतो. म्हणून छताला लावलेल्या वीस वॅटपेक्षा टेबलावरचा पाच वॅटचा दिवा अभ्यासाला जास्त उपयोगी. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईची सावली तिच्याच विळीवर पडते, कारण दिवा तिच्या पाठीमागे असतो. मांडणीच्या खालच्या कडेला एक पट्टी-दिवा लावला की बोट कापण्याचे निमित्त जाते. ६० वॅटचा जुना बल्ब आणि ९ वॅटचा एलईडी साधारण सारखाच उजेड देतात. रोज पाच तास धरले तर एका दिव्यामागे वर्षाला ९३ युनिट वाचतात. स्वस्त एलईडी काही वेळा नकळत लुकलुकतात आणि त्याने डोके दुखते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहावे. पडद्यावर सरकते काळे पट्टे दिसले तर तो दिवा वाचायच्या जागी लावू नये.

दिव्याच्या रंगाबद्दल आपल्याकडे एक हट्ट आहे. दिवा पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला, म्हणजे खोक्यावर ६५०० के लिहिलेलाच चांगला. दिवसा तो ठीक आहे. पण डोळ्याच्या पडद्यात पाहण्याशी फारसा संबंध नसलेल्या, फक्त दिवस आहे की रात्र एवढे मेंदूला कळवणाऱ्या पेशी असतात, हे २००२ मध्ये नक्की झाले. त्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक रोखून धरतात. एका खोलीत आजी झोपणार, नातू अभ्यास करणार आणि सून उद्याची भाजी निवडणार, अशा घरात रात्री साडेदहापर्यंत डोक्यावर तसला दिवा जळत राहिला तर आजीला झोप न लागण्याचे कारण गोळ्यांत शोधण्याची गरज नाही. छताचा दिवा नऊला बंद करावा, आणि ज्याचे काम आहे त्याच्याजवळ २७०० किंवा ३००० केचा पिवळसर दिवा लावावा. नातवाचे अडत नाही.

याच आजीला दिवसा मात्र जास्त उजेड लागतो. साठीनंतर बाहुली आकसते, भिंग पिवळे पडते आणि पडद्यापर्यंत विशीच्या मानाने एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. खुबा मोडून येणाऱ्या अनेक वृद्धांची कहाणी एकसारखी असते. रात्री लघवीला उठल्या, मोठा दिवा लावला तर सगळ्यांची झोप मोडेल म्हणून लावला नाही, आणि जमिनीवर झोपलेल्या नातवाची गादी किंवा टीपॉयचा कोपरा पायात आला. पलंगापासून मोरीपर्यंत अडीच फूट रुंदीची वाट रात्री मोकळी ठेवायची. तिच्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, अर्ध्या वॅटचा पिवळा किंवा तांबूस दिवा रात्रभर जळू द्यायचा. वर्षाला दोन युनिटही जळत नाहीत. त्याचे बटण पलंगावर पडल्या-पडल्या हात पोचेल तिथे असावे, आणि मोरीच्या उंबऱ्यावर पांढऱ्या रंगाची एक पट्टी ओढून घ्यावी.